तार दोन, बटण एक

१

बँकवालीने सीट मागे घ्यायला दांडी ओढली, पण सीट जागची हलली नाही.

“ताई, खाली काहीतरी अडकलंय.”

“मग काढ की. दिवसभर शिक्के मारतेस, हातात एवढाही जोर नाही?”

ती वाकली. पायाखालची मॅट उचलली आणि तिच्या हाताला एक काळी वायर लागली. ओढावी तेवढी येतच राहिली. मी “थांब” म्हणेपर्यंत तिने हिसका दिला, आणि मागे डिकीत काहीतरी टप्पकन आपटलं.

आम्ही दोघी उतरून मागे गेलो.

मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून बायकांना गाडी शिकवायचा क्लास चालवतो. गाडी नवीच घेतलेली, म्हणजे आम्हाला नवी, जगाला जुनी. दिसायला गरीब, स्वभावाने सरळ. रेडिओ नाही, त्याच्या जागी कोरी पट्टी. आतला आरसा मात्र ड्रेसिंग टेबलाचा काढून लावल्यासारखा रुंद. इंडिकेटरचा दिवा इतका लख्ख, की वळताना शिकणारी आधी डोळे मिटते आणि मग वळते. शिवाय डॅशबोर्डवर, स्टीअरिंगच्या दोन्ही अंगांना, काळ्या कागदाच्या दोन गोल चकत्या चिकटवलेल्या. आम्ही म्हटलं, हौस एकेकाची.

डिकीतला गालिचा उचलला. खाली शर्टाच्या बटणाएवढी काळी वस्तू पडली होती. तिच्या डोक्यावर स्पंजची टोपी, वाळलेल्या चिखलाने राखाडी झालेली, आणि गळ्यात रबराची कडी. तिच्यातून निघालेली बारीक तार त्या काळ्या वायरीत शिरत होती.

“हा माईक आहे,” बँकवाली म्हणाली. “आमचे साहेब भाषणाला कॉलरला लावतात ना, तसलाच.”

“गाडीत कशाला असेल माईक?”

ती डिकीच्या कडेवर बसली. चेहरा पांढरा पडला होता.

“म्हणूनच,” ती म्हणाली. “ताई, म्हणूनच.”

“काय म्हणूनच?”

“काल स्वयंपाकघरात भांडी लावत होते. सासूबाई मागे उभ्या होत्या. मला म्हणाल्या, ‘डाव्या पायाची घाई नको करूस.’ एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या.”

आता माझा चेहरा पांढरा पडला असणार. कारण बँकवाली गाडी शिकते हे तिच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं. लग्नानंतर एकदा तिने नवऱ्याची गाडी फाटकाला घासली होती, तेव्हापासून किल्ली नवऱ्याच्या खिशात. “मी आहे ना” हे त्याचं पालुपद. लायसन्स हातात आल्यावरच सांगायचं असं तिने ठरवलं होतं, आणि तोवर घरी ओव्हरटाइम.

आणि डाव्या पायाची घाई नको, म्हणजे क्लच एकदम सोडू नकोस, हे वाक्य मी तिला ह्या गाडीत, ह्याच सीटवर, जवळजवळ रोज ऐकवते.

२

संध्याकाळपर्यंत आमच्या ग्रुपवर आग लागली होती.

ह्यात माझं दुःख काय, ते सांगते. आमच्या क्लासला बायका क्लच-ब्रेक शिकायला येतात हे अर्धसत्य. गाडीची दारं लागली की आत जे बोललं जातं ते बाहेर कुठे बोलता येत नाही. कोणाची नणंद, कोणाचा साहेब, कोणाची डॉक्टरकडची तपासणी. आम्ही दोघी ऐकतो आणि गाडीतच ठेवतो. दुसऱ्या क्लासमध्ये गाड्या चकचकीत आहेत, पण बायका आमच्याकडे येतात त्या ह्यासाठी. त्या गाडीला कान फुटले असतील, तर आमच्याकडे विकायला उरलं काय?

निरोप एकेक करून येत गेले. उद्या जमणार नाही. परवाही नाही. शेवटी बँकवालीने सगळ्यांच्या वतीने लिहिलं: शनिवारी मैदानावर सगळ्या येतो. आमचं बोलणं कोण ऐकत होतं ते सांगा. नाही सांगता आलं तर आम्ही चाललो.

मी फोन धाकटीपुढे धरला. ती चहा गाळत होती.

“गाडीला हात कोणाकोणाचा लागलाय?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“अगं, साधा प्रश्न आहे. दलालाचा लागलाय, आधीच्या मालकाचा लागलाय, आणि...”

“आणि माझ्या भावाचा. बोला ना.”

शिकवणारीच्या बाजूचा जादा क्लच आणि ब्रेक धाकटीच्या भावानेच बसवला होता. गाड्यांची वायरिंगची कामं करतो तो. सगळे त्याला करंट म्हणतात, त्याच्या स्वभावावरून. दोन दिवस गाडी त्याच्याच शेडमध्ये होती.

“मी संशय घेत नाहीये.”

“नाही कसा? तुमच्या भुवया घेताहेत, जाऊबाई.”

एरवी ती मला ताई म्हणते. जाऊबाई झाले की समजायचं, वीज गेली. आमच्या घरातले दोघे भाऊ, म्हणजे आमचे नवरे, अशा वेळी एकदम टीव्हीत शिरतात. त्या दिवशी तर आवाजही वाढवला.

करंटला बोलावलं. आला, वायर हातात घेतली, उलटसुलट केली, आणि पहिली चूक केली: “ही होय! ही मी पाहिली होती,” म्हणाला.

“पाहिली होतीस?” धाकटी आणि मी एकदम.

“पेडल बसवताना. डॅशबोर्डखाली लोंबत होती, पुढचं टोक कापलेलं. मागे कुठे गेली ते बघायला सगळा गालिचा उखडावा लागला असता. म्हटलं, कोणीतरी मागचा कॅमेरा काढून घेतला असेल. मॅटखाली सारली.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं? प्रत्येक जुन्या गाडीत दोन-चार अनाथ वायरी असतातच.”

“दादा,” धाकटी म्हणाली, “तुझ्या ह्या सारण्यापायी माझा क्लास चाललाय.”

“म्हणजे तुलाही वाटतं की मी...”

“मला काही वाटत नाही. लोकांना वाटतंय.”

तो उठला. चहाला हात लावला नव्हता. दारापर्यंत जाऊन परत वळला, वायरीचं कापलेलं टोक माझ्यापुढे धरलं.

“एक सांगू, ताई? मी चोर असतो तर हे सांगितलं नसतं. ह्या काळ्या नळीत तारा दोन आहेत. एक लाल, एक हिरवी. लाल बटणाला जोडलेली आहे. हिरवीचं मागचं टोक तुटलंय, ताजं. तार दोन, बटण एक. दुसरं बटण कुठंय ते शोधा, मग माझ्याकडे या.”

तो गेल्यावर धाकटीने त्याचा चहा बेसिनमध्ये ओतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “शनिवारी त्याचं नाव निघालं, जाऊबाई, तर मीही तुमच्या क्लासची नाही.”

३

दलालाचं नाव आम्ही पॉलिश ठेवलं आहे. टायर असो, शब्द असो, चकाकल्याशिवाय बाहेर पडत नाही. सकाळी त्याच्या अंगणात गाडी घातली. धाकटी बरोबर होती. “तुमच्यासाठी नाही, भावासाठी येतेय,” हे दोनदा सांगून आली होती.

“या या, मॅडम! तक्रार नसणारच, पण बोला.”

मी बटण त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं.

“हे काय, कोटाचं बटण पडलं का कोणाचं?”

“माईक आहे. तुम्ही विकलेल्या गाडीत सापडला.”

हसू जरा कमी झालं. गेलं नाही, कमी झालं.

“मॅडम, मी गाडी धुतो, चमकवतो, विकतो. तिच्या पोटात शिरत नाही.”

“इंडिकेटरचा एवढा मोठा दिवा तुम्ही बसवलात?”

“नाही हो. तसाच आला. मी म्हटलं, एक्स्ट्रा फिटिंग.”

“आरसा?”

“एक्स्ट्रा फिटिंग.”

“रेडिओ तुम्ही काढलात?”

इथे तो खरोखर दुखावला. “मॅडम, रेडिओ काढून विकणारा दलाल मी नव्हे. ह्या गाडीत रेडिओ कधी बसलाच नाही. पट्टी कंपनीची आहे, बघून घ्या. मी मालकांना विचारलंही, इतकी वर्षं गाणी कशी ऐकली नाहीत? ते नुसते हसले.”

“मालक कोण?”

“फ्रेमवाले. बाजाराच्या टोकाला चित्रांच्या चौकटी बनवायचं दुकान आहे. सज्जन माणूस. गाडीला ओरखडा नाही.” मग तो घुटमळला. पॉलिशला घुटमळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. “फक्त त्यांनी एक अट घातली होती. गाडी घेणाऱ्याला त्यांचा फोन नंबर द्यायचा नाही म्हणाले. काही झालं तरी नाही.”

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. ज्याला लपवायचं काही नाही, तो अशी अट का घालेल?

४

धाकटी गाडीत बसून राहिली. मी एकटीच आत गेले.

दुकान लांबट, भिंतभर रिकाम्या चौकटी. सगळीकडे माणसं काढून नेलेली आणि घरं उरलेली असं वाटत होतं. मागे मोठ्या टेबलावर फ्रेमवाले पाठमोरे वाकलेले. पन्नाशीचे, निळा एप्रन घातलेले. एका चौकटीच्या पाठीवर काळी कागदी पट्टी चिकटवून अंगठ्याने कड दाबत होते.

“अहो,” मी हाक मारली. काही नाही. “अहो, ऐकलंत का?”

लक्षच नाही. मला राग आला. काउंटरवर बेलचं बटण होतं ते दाबलं. आवाज आला नाही. बेलही बंद, म्हटलं. पण त्यांच्या टेबलावरचा एक छोटा बल्ब लागला, आणि ते वळले. मग आतून त्यांची बायकोही हात पुसत बाहेर आली.

मी गाडीचं सांगितलं. वायरीचं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, माझ्यावर छाप पाडताहेत.

“कसली वायर?” ते म्हणाले. “मला नाही माहीत.”

“तुमच्याच गाडीत होती.”

“जुनी असेल. कोणाची तरी.”

त्यांची बायको मध्येच म्हणाली, “आमच्याकडे कधी काही बसवलं नाही हो. ह्यांना कामं आहेत.” बोलताना ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. एकेक शब्द सुटा, ओठ नीट हलवून, शाळेत लहान मुलांना शिकवतात तसं.

मी जरा धीर धरावा म्हणून भिंतीकडे वळले. एक चौकट हातात घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “मग माईक कोणावर लावला होता तुम्ही?”

शांतता.

“मी विचारलं, कोणावर?”

शांतताच. मी वळले. ते निवांतपणे माझ्याकडे बघत होते, जणू मी काही बोललेच नव्हते. बायकोने मात्र पदराचं टोक मुठीत आवळलं होतं.

“तुम्हाला उत्तर द्यायचं नाही, असंच ना?” मी समोरासमोर म्हणाले.

“कशाचं उत्तर?” त्यांनी विचारलं, आणि चेहरा इतका खरा होता की मी आणखीच चिडले.

बाहेर आले. गाडीत बसून दार इतक्या जोरात लावलं की धाकटी म्हणाली, “दार माझ्या भावाने बसवलेलं नाही, जाऊबाई.”

“बेरकी आहे माणूस. तोंडावर विचारलं की बोलतो, पाठ वळली की गप्प.”

मी गाडी सुरू केली, इंडिकेटर दिला. तो मेला लख्ख दिवा डोळ्यांत घुसला. लुक, लुक, लुक.

आणि माझा हात तिथेच थांबला.

५

“काय झालं?” धाकटी म्हणाली. “चला की.”

“थांब. मला बोलू दे. चुकले तर टोक.”

“ती संधी मी कधी सोडत नाही.”

“इंडिकेटर चालू आहे हे आपल्याला कसं कळतं?”

“टिकटिक ऐकू येते.”

“मग कोणी मुद्दाम एवढा मोठा दिवा कशाला बसवेल?”

ती दिव्याकडे बघायला लागली. मी पुढे बोलत राहिले.

“रेडिओ कधीच नाही. आरसा एवढा रुंद, कारण मागचं सगळं डोळ्यांनीच कळायला हवं. दुकानात बेल वाजत नाही, दिवा लागतो. बायको तोंड त्यांच्याकडे करून बोलते. मी भिंतीकडे तोंड करून विचारलं ते त्यांनी टाळलं नाही. त्यांना ते कळलंच नाही.”

“ऐकू येत नाही त्यांना?” धाकटी सरळ होऊन बसली. मग तिने कपाळाला आठी घातली. “पण ताई... जाऊबाई, ज्याला ऐकू येत नाही तो माईक कशाला लावेल?”

“तेच तर. ऐकायला नाहीच लावला. आता बटण बघ. ह्या स्पंजच्या टोपीचं काय काम?”

“वारा लागून घरघर होऊ नये म्हणून. लग्नात व्हिडिओवाल्याच्या माईकला असते तशी.”

“बंद गाडीत वारा कुठला? आणि टोपीवर चिखल कुठून आला?”

आम्ही दोघी एकदमच खाली उतरलो.

हे बटण गाडीत नव्हतंच कधी. बाहेर होतं, मागच्या बंपरच्या आड. बँकवालीच्या हिसक्याने ते भोकातून आत ओढलं गेलं आणि आम्हाला वाटलं, आतलंच आहे. ते कुठे बसवलं होतं ह्याचा पुरावा आम्ही आमच्याच हाताने उपटला होता. पण तारा दोन होत्या.

“माझं बरोबर असेल,” मी म्हणाले, “तर ह्याचा जुळा भाऊ अजून जागेवर असेल. दुसऱ्या टोकाला. तोंड रस्त्याकडे.”

धाकटीने ओढणी कमरेला खोचली आणि भर बाजारात गाडीखाली निम्मी गेली. लोक बघायला लागले. मी त्यांना “नाणं पडलंय” म्हणून सांगितलं.

“आहे!” खालून आवाज आला. “ताई, आहे! उजव्या कोपऱ्यात. स्पंजसकट. आणि हिरव्या तारेचा तुकडा लोंबतोय!”

‘जाऊबाई’ पुसलं गेलं होतं हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मग मी डॅशबोर्डवरची डावीकडची गोल चकती नखाने सोडवली. काळा कागद, फ्रेमच्या पाठीला चिकटवतात तोच. खाली व्यवस्थित गोल भोक. दिवा मावेल एवढं.

मी परत आत गेले. ह्या वेळी हाक मारली नाही. बेलचं बटण दाबलं, दिवा लागेपर्यंत थांबले, आणि ते वळल्यावर समोर उभी राहून सावकाश म्हणाले, “डावा दिवा आणि उजवा दिवा. कुठं आहेत ते?”

बायको खुर्चीवर बसली. तेही बसले. मग टेबलाचा खण ओढून त्यांनी एक लांबट लाकडी डबी काढली. कोपरे इतके नेमके जुळवलेले की सांधा दिसू नये. पुढे दोन दिवे, लाल आणि हिरवा, आणि मागून लाल-हिरव्या तारांची कापलेली टोकं.

“आतली विद्या माझ्या भाच्याची,” ते म्हणाले. “डबी माझी. मागून डावीकडून हॉर्न आला की लाल, उजवीकडून आला की हिरवा.”

“मग विकली का गाडी?”

“दिवे बघत बसायला लागलो. एकदा पुढे माणूस आडवा आला, आणि माझी नजर दिव्यावर. वाचला तो. मी त्या दिवशी किल्ली खाली ठेवली.”

“आणि फोन नंबर?”

ते हसले. “फोनवर ओठ दिसत नाहीत, बाई.”

बायको म्हणाली, “सांगणार कोणाला? बहिऱ्याची गाडी म्हटलं की लोक समजणार, कुठंतरी ठोकलेलीच असणार. आणि दुकानात येणारे आधीच मोठ्याने ओरडून बोलायला लागतात. माणूस तोच असतो हो, पण लोक एका दिवसात त्याला म्हातारा करतात.”

धाकटीच्या भावावर आळ आलाय, असं सांगून मी त्यांना शनिवारी मैदानावर यायला सांगितलं. त्यांनी मान हलवली: नाही.

“तुमच्या बायकांना माझं काय ते सांगा, पण मी उभा राहणार नाही.”

बाजारात कोणी कोणाच्या पाठीमागे काय बोलतं हे मलाही ठाऊक आहे. “तुमचं काहीच सांगणार नाही,” मी म्हणाले. “नाव नाही, दुकान नाही. फक्त डबी द्या.”

ते डबीकडे बघत राहिले. मग एका मऊ फडक्यात ती गुंडाळली, चौकट गुंडाळतात तशी, आणि माझ्या हातात ठेवली.

६

शनिवारी मैदानावर सगळ्या जमल्या. एरवी एकीचं तोंड बंद नसतं. त्या दिवशी कोणी कोणाशी बोलत नव्हतं. गाडीपासूनही चार हात लांब उभ्या, जणू ती अजून ऐकते आहे.

करंट आला होता. बहिणीने रात्री फोनवर त्याची माफी मागितली की त्याने तिची, ह्यावर दोघांची दोन मतं आहेत. त्याने दुसरं बटण जोडलं, पहिलं बाहेर आपल्या जागी बसवलं, डबी तारांना जोडून डॅशबोर्डवर ठेवली. दिव्यांमधलं अंतर आणि भोकांमधलं अंतर तंतोतंत एक.

मी वायरीपासून सुरुवात केली. स्पंज दाखवला, चिखल दाखवला, बंपरमागची जागा प्रत्येकीला वाकून बघायला लावली. मग सगळ्यांना गाडीभोवती काचांना डोळे लावून उभं केलं आणि धाकटीला स्कूटर घेऊन मागे पाठवलं.

डावीकडून हॉर्न. लाल दिवा लागला.

उजवीकडून हॉर्न. हिरवा.

“आता गाडीत बसून बोला,” मी दोघींना आत बसवून काचा लावल्या. “सासूला शिव्या द्या हव्या तर.”

त्यांनी दिल्या, मन लावून दिल्या. दिवे ढिम्म.

“हे कान बाहेरचं ऐकायला आहेत,” मी म्हणाले. “आणि ऐकलेलं ते कुठे साठवत नाहीत. दिवा लागला, विझला, संपलं.”

“पण कोणाला लागतात असले कान?” एकीने विचारलं.

“ते मी सांगणार नाही. तुमच्या गोष्टी जशा सांगत नाही, तशीच ही पण नाही.”

दोघी-तिघींनी माना हलवल्या. मला वाटलं, जिंकलं. पण बँकवाली हाताची घडी घालून उभी होती.

“ताई, हे सगळं पटलं. पण मग सासूबाईंना ते वाक्य कोणी सांगितलं? गाडीने नाही सांगितलं तर माणसाने सांगितलं. कोणी?”

तिची नजर करंटवर गेली. मग धाकटीवर. सगळ्यांच्या गेल्या.

ह्या प्रश्नावर मी दोन दिवस घालवले होते. म्हणाले, “गेल्या आठवड्यात तुमच्या घरची मंडळी गाडीने कुठे गेली होती?”

“मावससासूबाईंकडे. नवरा चालवत होता, मी शेजारी.”

“आणि सासूबाई?”

“मागच्या सीटवर, ह्यांच्या मागे.”

“बस इकडे. शिकवणारीच्या जागेवर. धाकटी चालवेल. तू फक्त बस, काही करू नकोस.”

धाकटीने गाडी सुरू केली. पहिला गिअर, मैदानाचा अर्धा फेरा. इंजिनाचा आवाज चढला, आणि धाकटी एकदम किंचाळली, “अगं, माझा क्लच आपोआप खाली गेला!”

गाडी नुसतीच घोंघावली, मग गचका खाऊन बंद पडली.

मी पळत जाऊन बँकवालीच्या बाजूचं दार उघडलं. “आपोआप नाही गेला. पाय बघ.”

बँकवालीचा डावा पाय जादाच्या क्लचवर होता. तिने तो असा बघितला जणू दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

“नवऱ्याच्या गाडीत तिथे पेडल नाही, म्हणून तू मॅट दाबत होतीस,” मी म्हणाले. “प्रत्येक गिअरला. आणि इथे सोडतेस तशीच घाईने सोडत होतीस. हे नव्याने शिकणाऱ्या सगळ्यांचं होतं. बसमध्ये बसल्या तरी ब्रेक दाबतात. नवरा रस्ता बघत होता. मागून तिरपं बसलेल्या बाईला तुझा पाय दिसत होता.”

“पण त्यांनी तेच वाक्य कसं...”

“पाय बघून दुसरं काय म्हणता येईल? क्लच कळणारी कोणीही बाई तेच म्हणेल. आता घरी जाऊन एवढंच विचार, की त्यांना क्लच कसा कळतो.”

तिने तिथूनच फोन लावला. थोडा वेळ नुसतीच ऐकत राहिली. मग खाली बसली आणि हसायला लागली, डोळे पुसत. “लग्नाआधी वडिलांची जीप चालवायच्या म्हणे. ह्या घरात आल्यावर कोणी विचारलं नाही. मला म्हणाल्या, ‘तू सांगशील म्हणून वाट बघत होते.’”

पुढच्या आठवड्यात कोणाचा तास कधी ते तिथेच ठरलं. ह्या गोंधळात फाटकापाशी एक जोडपं कधीपासून उभं होतं ते कोणाला दिसलं नाही. निळा एप्रन तेवढा नव्हता. फ्रेमवाले सरळ चालत गाडीपाशी आले आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, “ते कान माझे आहेत. मला ऐकू येत नाही. ह्या बाईंनी सांगितलं नाही ना?”

“नाही,” सगळ्या म्हणाल्या. आणि मोठ्याने नाही, तोंड त्यांच्याकडे करून.

“मग मीच सांगतो. माझ्यामुळे ह्यांच्यावर आळ आला.” त्यांनी करंटकडे बघून हात जोडले. करंटने काय करावं न सुचून त्यांचे हातच धरले.

मी डबी परत द्यायला काढली. त्यांनी घेतली नाही. “खणात ठेवून तिला काय ऐकू येणार? बसवा. पण चालवणाऱ्यासमोर नको. तुमच्या बाजूला बसवा.”

आता ती माझ्या बाजूला आहे. वायर तीच, मॅटखाली नीट सारलेली, ह्या वेळी सगळ्यांना सांगून.

बुधवारी बँकवालीचा तास होता. मागच्या सीटवर तिच्या सासूबाई बसल्या होत्या, पर्स मांडीवर, मान ताठ. चौकात मागून कोणीतरी हॉर्न मारला. हिरवा दिवा लागला. मी तोंड उघडणार तोच मागून आवाज आला:

“उजवीकडून येतोय. जाऊ दे त्याला.” आणि क्षणभर थांबून, “डाव्या पायाची घाई नको.”